आठ दिवस पाण्याकाठी

युरोपात जाऊन निवांत बसायचं, असं गजेंद्र दगा पाटीलनं ठरवलं आणि त्याच दिवशी त्याचा निवांतपणा संपला.

तसा बेत इतका साधा होता की त्यात बिघडण्यासारखं काही दिसत नव्हतं. गजेंद्र सुरतेत साड्यांच्या एका पेढीत कॉम्प्युटरवर डिझाइनं काढतो. मागच्या वर्षी त्यानं कुठलासा फोटो पाहून साडीच्या पदरावर तळं, डोंगर आणि लाकडी घरं काढली. लोकांना त्यात काय दिसलं देव जाणे, पण ती साडी इतकी खपली की शेठला गोदाम कमी पडायला लागलं. गजेंद्रचं लग्न ठरल्याचं कळताच शेठनं आहेर म्हणून नवराबायकोची युरोपची तिकिटं जाहीर केली आणि वर म्हणाला, "जा, असली तळाव जोई आव," म्हणजे खरं तळं बघून ये. शेठ एरवी दिवाळीला मिठाईचं खोकं देतानाही दोनदा विचार करतो, त्यामुळे मार्केटात आठवडाभर दुसरा विषय नव्हता.

गजेंद्रला मात्र तळ्यापेक्षा बायकोचं अप्रूप होतं. लग्नाला दोन महिने झाले होते, बायको अमळनेरची, नाव वर्षा, आणि तिच्याशी अजून त्याचं धड बोलणं झालेलं नव्हतं. नवागाम या सुरतेतल्या खानदेशी वस्तीतलं घर दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत वडील दगा आणि आई उषाबाई. आतल्या खोलीत नवं जोडपं, आणि त्याच खोलीत धान्याची कोठी, शिलाई मशीन आणि गावाहून आलेल्या पाहुण्यांच्या वळकट्या. दार लावलं की पाच मिनिटांत कुणाला तरी मेथीचे दाणे हवे असत. वर्षाच्या तोंडचं 'चहा ठेवू का' आणि 'डबा घेतला का' एवढंच त्याच्या वाट्याला यायचं. या मुलीच्या मनात काय चाललेलं असतं, हे त्याला मनापासून जाणून घ्यायचं होतं, आणि त्यासाठी सुरतेपासून बऱ्यापैकी लांब जाणं भाग होतं. म्हणून त्यानं ठरवलं, ऑस्ट्रियातलं एकच गाव, एकच तळं, एकच बाक आणि आठ दिवस. बाकाचा फोटोसुद्धा त्यानं शोधून ठेवला होता.

ट्रॅव्हल एजंट हसमुखभाईंचं दुकान उधना रस्त्यावर. त्यांनी बेत ऐकला आणि त्यांचा चेहरा पडला. त्यांच्याकडे नऊ देशांची टूर होती, बसमध्ये भजनं होती, सोबत खिचडी-कढी करणारा महाराज होता. एवढं सोडून एकाच गावात बसायचं म्हणजे थाळी मागवून नुसतं लोणचं चाटायचं, असं त्यांचं म्हणणं. गजेंद्र म्हणाला, आम्हाला शांतता हवी आहे. त्यावर हसमुखभाई कळवळून म्हणाले की शांतता घरीही मिळते. ते नवागामात कधी आले नव्हते हे उघड होतं. शेवटी त्यांनी बुकिंग केलं, पण मनातून ते दुखावले ते दुखावलेच.

मग गल्ली. नवागामच्या गल्लीत कुणाच्या घरी नवा मिक्सर आला तरी चार जण वायर तपासायला येतात, आणि इथं तर युरोप होतं. कुणी सांगितलं तिळाची चटणी न्या, कुणी सांगितलं कुकर न्या, कुणी सांगितलं तिकडे पाणी प्यायचंच नाही. सर्वांत अधिकारवाणीनं बोलायचे ते उखाकाका, दगाचे चुलतभाऊ. ते एकदा यात्रा कंपनीबरोबर नेपाळला जाऊन आलेले असल्यामुळे परदेश या विषयावर भाऊबंदांत त्यांचा शब्द शेवटचा होता. युरोपातही पशुपतिनाथासारखंच आहे, फक्त थंडी जास्त, असं ते सांगत आणि कुणी शंका काढत नसे.

या सगळ्यांत एकच प्रश्न गजेंद्रच्या वर्मी लागला आणि तो विचारला शेजारच्या कलाबाईंनी. कलाबाई म्हणजे गल्लीतल्या देवाधर्माच्या बाबतीतलं सुप्रीम कोर्ट. कुठलं व्रत कधी धरायचं, कधी सोडायचं आणि मोडलं तर काय करायचं, हे तिथंच ठरतं. त्या आपल्या ओट्यावर तांदूळ निवडत होत्या.

"तठे जाईसन काय करशात?" त्यांनी विचारलं.

गजेंद्र म्हणाला, काही नाही, बसणार.

"बसानंच शे ते मन्हा वट्टा काय वाईट शे?"

गजेंद्रनं निसर्ग, हवा, पाणी असं बरंच काही समजावलं. समजावता समजावता आपण भाषण करतो आहोत हे त्याच्या लक्षात आलं. कलाबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि सरकून त्याला ओट्यावर जागा करून दिली. गल्लीतल्या चार बायका हसल्या. सुशिक्षित माणसाचा असा पाणउतारा झाला की तो ताठ मानेनं घरी जातो आणि उगाच पंख्याचा वेग वाढवतो. गजेंद्रनं दोन्ही केलं.

व्हिसासाठी अहमदाबादला जायचं होतं. गजेंद्रला वाटलं, चला, निदान गाडीत तरी चार तास दोघं असू. परंतु परदेशाच्या कामात माहितगार माणूस हवा म्हणून उखाकाका बरोबर आले आणि खिडकीतून वारा लागतो म्हणून नेमके दोघांच्या मधे बसले. जाताना त्यांनी वर्षाला नेपाळ सांगितलं आणि येताना पुन्हा सांगितलं.

व्हिसाच्या कचेरीत काउंटरवरची मुलगी फार नम्र होती. तिनं गजेंद्रचे सगळे कागद पाहिले आणि रोजच्या कार्यक्रमाच्या पानावर थांबली. गजेंद्रनं प्रत्येक दिवसापुढे 'तळ्याकाठी बसणे' असं प्रामाणिकपणे लिहिलं होतं. तिनं विचारलं, सर, फक्त बसणार? गजेंद्रनं हो म्हटलं. ती म्हणाली, ठीक आहे, पण थोडं सविस्तर लिहिलंत तर बरं. माणसानं किती सविस्तर बसावं? तरी त्यानं कोपऱ्यात उभं राहून नवं पान लिहिलं. सोमवारी तळ्याची पूर्व बाजू, मंगळवारी पश्चिम बाजू, बुधवारी गावातलं चर्च बाहेरून, आणि गुरुवारी सोमवारप्रमाणे. लिहिता लिहिता त्यानं वर पाहिलं तर वर्षा ओढणी तोंडाशी धरून हसत होती. तिला नेमकं कशाचं हसू आलं ते विचारावं असं त्याला फार वाटलं, पण तेवढ्यात त्यांचा नंबर पुकारला गेला आणि उखाकाका त्याला दंडाला धरून घेऊन गेले.

पासपोर्ट तिकडे राहिले आणि घरी वाट बघणं सुरू झालं. हे दिवस वाईट गेले. कुणाच्या भाच्याचा व्हिसा नाकारला होता त्याची हकिगत रोज एकजण येऊन सांगे. गजेंद्रची भूक गेली, डिझाइनमधली तळी सुकल्यासारखी दिसायला लागली. त्याचा उतरलेला चेहरा बघून घरच्यांचा आणि गल्लीचा जीव तुटत होता, आणि खानदेशी माणसाचा जीव तुटला की तो गप्प बसत नाही. तो नवस बोलतो. इथंच सगळा घोटाळा झाला. प्रत्येकजण मनातल्या मनात बोलला, दुसऱ्याला पत्ता लागू दिला नाही, आणि जवळजवळ प्रत्येकानं आपल्या प्रेमापोटी गजेंद्र-वर्षानंच फेडायचा नवस बोलून ठेवला.

व्हिसा आला. पेढे वाटले. आणि पेढा तोंडात असतानाच उषाबाईंनी डोळे पुसत सांगितलं की मी सप्तशृंगीला बोलले होते, जोडी गड पायी चढून देवीला साडीचोळी देईल. गजेंद्रचा पेढा जेमतेम गिळून होतो तोच उखाकाका म्हणाले, मी आपल्या गावच्या मारुतीला याची गूळतुला बोललोय. गूळ अर्थातच दगानं आणायचा होता. कलाबाई बोलल्या होत्या की नवी सून गल्लीतल्या सगळ्या सवाष्णींना स्वतःच्या हातचे खापरावरचे मांडे घालील. खापरावरचे मांडे म्हणजे चुलीवर मातीचं भांडं पालथं घालायचं आणि पुरण भरलेली पोळी दोन्ही हातांवर कोपरापर्यंत खेळवत त्यावर टाकायची. वर्षानं हे काम फक्त पाहिलं होतं, आणि तेही लांबून. तेवढ्यात अमळनेरहून फोन आला. सासूबाईंनी तिथल्या मंगळदेवाला दोघांचे लागोपाठ पाच मंगळवारचे अभिषेक बोलून ठेवले होते.

विमान पुढच्या रविवारी होतं.

मग दगाला विचारलं. पॉवरलूमच्या कारखान्यात उमर काढलेला माणूस, कमी बोलायची सवय. त्यानं हळूच सांगितलं की पोरं सुखरूप परत येईपर्यंत मी तंबाखू सोडलीय. त्याच्याकडे कुणी फारसं लक्ष दिलं नाही, कारण त्या नवसात कुणाला कुठं जायचं नव्हतं.

गजेंद्रनं मनाशी म्हटलं, दोन नवस फेडून टाकू, म्हणजे बाकीच्यांचं समाधान होईल. ही त्याची चूक. नवसाचं असं आहे की एक फेडला की बाकीचे रांगेत पुढे सरकतात. गडावर जायला भाड्याची जीप ठरवली आणि सात जणांच्या गाडीत चौदा जण बसले. देवीचं काम, कुणाला नाही म्हणणार? वर जायला आता रेल्वेसारखी ट्रॉली आहे, तिच्यातून गल्लीतले बारा जण आरामात वर गेले आणि नवस असलेले दोघं पायऱ्या चढले. गजेंद्रला यात आशा दिसली होती, कारण पायऱ्यांवर तरी दोघंच असणार. पण पहिला टप्पा होताच त्याला अशी धाप लागली की त्याला बोलता येईना. वर्षा न थकता चढत होती, मधूनमधून थांबून त्याच्याकडे बघत होती आणि तिला काहीतरी बोलायचं असावं असं तिच्या चेहऱ्यावरून वाटत होतं. तो नुसता हात वर करून 'थांब' अशी खूण करत राहिला.

गूळतुला त्याच्या पुढच्या दिवशी. गावच्या मारुतीसमोर कडुनिंबाच्या फांदीला काटा टांगला होता. एका पारड्यात गजेंद्र मांडी घालून बसला आणि दुसऱ्यात गुळाच्या भेली पडू लागल्या. लग्नात मामांनी खाऊ घातलेलं सगळं त्या दिवशी गावासमोर उघडं पडलं. भेली पडत होत्या आणि पारडं जागचं हलत नव्हतं. पोटाकडे बघून लोक आपापसात अंदाज बांधत होते, आणि एका म्हाताऱ्यानं तर सुरतेच्या पाण्यातच लठ्ठपणा आहे असं सगळ्यांना समजावून सांगितलं. अखेर पारडं हललं, उखाकाकांनी जयजयकार केला आणि त्या क्षणी दोरीची गाठ सुटून गजेंद्र थेट खाली रचून ठेवलेल्या गुळावर बसला. ऊन होतं, भेली मऊ झाल्या होत्या. सुरतेपर्यंतचा परतीचा प्रवास त्यानं माश्यांच्या सोबतीनं केला आणि गाडीतल्या कुणीही हसू आवरण्याची विशेष खटपट केली नाही. वर्षासुद्धा हसली. तिचं हसू त्याला आवडलं, पण ते आपल्यावरच आहे हे लक्षात येऊन तो खिडकीकडे तोंड करून बसला.

आता उरले मांडे आणि मंगळवार. मांडे शुक्रवारी उरकता आले असते. मंगळवार मात्र पाच होते आणि ते देवाच्या बापालाही रविवारच्या आत बसवता आले नसते. पाचही मंगळवार करायचे तर व्हिसाची मुदत संपत होती. हसमुखभाईंनी कळवलं की तिकिटं पुढे सरकणार नाहीत.

बुधवारी संध्याकाळी घरात बैठक भरली. उषाबाईंचं म्हणणं, देवानं दिलेला व्हिसा, देवाचं राहिलं ठेवून विमानात कसं बसायचं? त्यांना खरोखर भीती वाटत होती आणि त्या रडत होत्या, म्हणून गजेंद्रला चिडताही येईना. उखाकाका म्हणाले, युरोप कुठं पळून जातंय, आणि नाहीच जमलं तर नेपाळ आहेच. कलाबाईंनी बमरोलीतल्या एका माणसाची गोष्ट सांगितली, त्यानं नवस लांबवला तर वर्षभर त्याच्या मागावरचा एकूणएक धागा तुटत राहिला. मागावर धागा तुटतच असतो हे खोलीतल्या सगळ्यांना माहीत होतं, तरी सगळे गंभीर झाले. गजेंद्र भिंतीला टेकून बसला होता. त्याला कळलं की आपण हरलो आहोत. शेठची तिकिटं गेली याचं त्याला फार वाईट वाटलं नाही. ही दोन खोल्यांची गर्दी जन्मभर अशीच राहणार आणि त्या गर्दीत आपली बायको आपल्याला पाहुण्यासारखी चहा देत राहणार, हे मात्र त्याला सोसवेना.

वर्षा आतल्या खोलीच्या उंबऱ्याशी परात घेऊन उभी होती. ती म्हणाली, "मीबी एक नवस बोलनू शे."

सगळ्यांनी माना वळवल्या. या घरात ती बैठकीत बोलण्याची ही पहिलीच वेळ होती.

"कोनले?" कलाबाईंनी विचारलं.

"कानबाईले."

कानबाई म्हणजे खानदेशी घरांची श्रावणातली देवी. एका रविवारी ती नारळाच्या रूपात येते, रात्रभर जागवून घेते आणि दुसऱ्या दिवशी नाचतगाजत जाते. नवागामच्या या गल्लीत ती दरवर्षी बसते ती कलाबाईंच्याच घरी. त्यामुळे कलाबाई आपोआप सावरून बसल्या.

वर्षानं परात खाली ठेवली आणि आपला नवस सांगितला. व्हिसा आला तर आम्ही दोघं आठ दिवस पाण्याकाठी बसून राहू. तिसऱ्या माणसाशी बोलणार नाही, फोन लावणार नाही आणि घेणार नाही. हे सगळं श्रावणात कानबाई यायच्या आत झालं पाहिजे. आणि मधे कुणाचा फोन आला, तर नवस भंगला, आठ दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजायचे.

उषाबाईंच्या हातात फोन होता, तो त्यांनी हळूच उशीखाली ठेवला. उखाकाकांनी विचारलं की असा नवस कधी कुणी ऐकलाय का. पण आता प्रश्न कलाबाईंच्या देवीचा होता आणि उखाकाकांची मजल नेपाळपर्यंतच होती. कलाबाईंनी वर्षाकडे निरखून पाहिलं. वर्षानं नजर खाली केली नाही. मग कलाबाईंचं लक्ष कोपऱ्यात बसलेल्या दगाकडे गेलं. तंबाखूवाचून तो नुसताच हाताचे तळवे चोळत होता.

"ह्या दगानी कसा नवस बोला, तो सोता फेडी राहिना," कलाबाई म्हणाल्या. "कानबाईना नवस पहिला. बाकीना जो बोलना, तोच फेडी."

निकाल लागला, ज्यानं नवस बोलला त्यानंच तो फेडायचा. त्याची झळ आपल्यालाही बसते हे कलाबाईंच्या जरा उशिरा ध्यानात आलं. पण दिलेला शब्द फिरवतील त्या कलाबाई कसल्या? शुक्रवारी सकाळपासून त्या चुलीसमोर बसल्या आणि संध्याकाळपर्यंत गल्लीतल्या एकूणएक सवाष्णीला मांडे घालून उठल्या. अमळनेरच्या सासूबाईंनी पाच मंगळवार अंगावर घेतले. रविवारी विमानतळावर सोडायला बावीस जण आले आणि फोन करायचा नाही, फोन करायचा नाही, असं एकमेकांना बजावत परत गेले.

त्या गावात तळं होतं, डोंगर होते, लाकडी घरं होती आणि फोटोतला तो बाकही अगदी जागच्या जागी होता. गजेंद्र जाऊन बसला. वर्षा बाकाच्या पार टोकाला बसली. पोहोचल्याचं आईला कळवावं म्हणून त्याचा हात सवयीनं खिशाकडे गेला, तर वर्षा म्हणाली, दिवस पहिल्यापासून मोजावे लागतील. त्यानं हात काढून घेतला. पाणी नुसतं चमकत होतं. कुठंही खट्‌खट् नाही, हाका नाहीत, मेथीचे दाणे नाहीत.

"खरंच बोलली होतीस नवस?" त्यानं विचारलं.

"हो."

"कधी?"

"बुधवारी. कलाबाई त्या बमरोलीवाल्याचं सांगत होत्या ना, तेव्हा."

गजेंद्र इतका हसला की बाकाजवळची दोन बदकं पाण्यात शिरली. हसून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं की ती पाय वर घेऊन बसली आहे आणि तिनं बाकाची कड घट्ट धरून ठेवली आहे. थंडी वाजतेय का, असं त्यानं विचारलं. ती नाही म्हणाली. मग तिनं सांगितलं, "मला पाण्याची भीती वाटते. लहानपणी बोरी नदीत बुडता बुडता वाचले होते. तेव्हापासून पाण्याकडे नुसतं बघवतही नाही."

त्यानं हसमुखभाईंना तळं समजावलं होतं, कलाबाईंना समजावलं होतं, व्हिसावाल्या मुलीला पूर्व आणि पश्चिम बाजूसकट लिहून दिलं होतं. हिला त्यानं काहीच विचारलं नव्हतं. त्याला स्वतःची लाज वाटली आणि ती त्याच्या तोंडावर दिसली असणार.

"मग नवसात पाणी कशाला घातलंस?"

"तुम्हाला हवं होतं ना," वर्षा म्हणाली.

गजेंद्र उठला. बाक जमिनीत पक्का रोवलेला होता, तरी त्यानं एकदा हलवून बघितलं. मग तो पाठीच्या फळीवरून पाय टाकून पलीकडे गेला, दोन्ही पिशव्या गवतावर ठेवल्या आणि गावाकडे तोंड करून खाली बसला. समोर एक बेकरी होती, एक बसथांबा होता आणि एक म्हातारी खिडकीतल्या कुंड्यांना पाणी घालत होती. वर्षा येऊन त्याच्या शेजारी बसली, चांगली टेकून बसली, आणि बोरी नदीपासून सुरुवात करून बोलायला लागली. नवस पाण्याकाठी बसण्याचा होता, पाण्याकडे बघण्याचा नव्हता. आठही दिवस दोघं तळ्याकडे पाठ करून बसले.